रेजाब सियामचं मौन

आमचं गाव मलेशियात, चांगलूनजवळ, अगदी सीमेला खेटून. पलीकडं थायलंड, पण आम्ही त्याला अजून सियामच म्हणतो. तर गावात रेजाबला सगळे रेजाब सियाम म्हणत. का, तर तरुणपणी तो एकदा पलीकडच्या बाजारात बैल घ्यायला गेला होता. बैल काही जमला नाही, पण सियामी भाषा घेऊन आला. निदान सांगायचा तरी तसं. कॉफीच्या टपरीवर सियामचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळायच्या. तोही मधूनच दोन शब्द फेकायचा. ते खरे की खोटे, कोण तपासतंय? धरणाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला एवढंच तर उरलं होतं, चार लोकांत नाव.

अलीकडं आमच्याकडं तंबूचं खूळ आलंय. पक्की घरं असलेली माणसं पैसे मोजून जमिनीवर झोपायला जातात. रेजाबच्या लेकीनंही आईबापांना तंबू आणून दिला आणि त्याची बायको कलथोम हटूनच बसली.

"मला सियामातल्या पत्तलुंगच्या तळ्यातली कमळं बघायचीत. तुम्ही आहातच की बोलायला."

आता नाही कसं म्हणणार? गाडीत तंबू, तांदूळ, सुकी मासळी, भात शिजवायचं भांडं भरून निघाली जोडी. सीमेवर शिपाई आपली मलयच बोलला. पलीकडं हाडयाईच्या बाजारात तर कापडवालीनं रेजाबला मलयमधूनच भावावरून चार शब्द सुनावले. रेजाबचा जीव भांड्यात पडला. पण हाडयाई मागं पडलं, रस्त्यावरच्या पाट्या निव्वळ सियामी झाल्या, आणि याच्या तोंडचं पाणी पळालं.

तळ्याकाठी तंबूंची जागा होती, मालकीण सुदाबाई. तिला मलयचा गंध नाही. ती काही विचारायला आली की रेजाब मान डोलवायचा, हसायचा आणि लगबगीनं तंबूची दोरी आवळायला लागायचा. दोऱ्या इतक्या आवळल्या की तंबू फाटेल की काय असं झालं. पण गंमत बघा, सुदाबाई त्याच्यावर भलतीच खूश. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी केळी, स्वतः उचलून आणलेली खुर्ची. बाकी कुणाला काही नाही. जाताना छातीला हात लावून त्याच्याकडं अशी बघायची की रेजाबला वाटलं, नाव इथवर पोचलं वाटतं. दोन दिवस नावेतून कमळं बघितली, पाण्यातल्या म्हशी बघितल्या, अंडी खाल्ली.

"पाहिलंस?" तो मिशीला पीळ देत म्हणाला. "न बोलताही माणसाची किंमत कळते लोकांना."

"कळते ना," कलथोम भात ढवळत म्हणाली. "मी सांगितलंय तिला, तुम्ही जन्मापासून मुके आहात."

रेजाबच्या हातातलं केळं तसंच राहिलं. "कुणी सांगितलं? तू? कुठल्या भाषेत?"

"वीस वर्षं बुन्माबरोबर रबराच्या झाडांना चिरा पाडल्या. ती सियामी बाई माझ्याशी काय मलय बोलत होती?"

"मग आजवर बोलली नाहीस ते?"

"टपरीवर तुमचं नाव होतं. कशाला घालवायचं? आणि आता सुदाबाई विचारत होती, नवरा का बोलत नाही. मी काय सांगणार, येत नाही म्हणून?"

रेजाब संतापला. पण ओरडायचं कसं? सुदाबाई तेवढ्यात झाडत झाडत समोर आली होती. त्यानं दात ओठ खाऊन ते केळं संपवलं.

आणि नेमका तेव्हाच एक गाडी येऊन थांबली. आतून सोबरी उतरला, टपरीवरचाच सोबती, बायकापोरांसकट. "अरे, रेजाब सियाम. देवच पावला. या बाईला विचार ना, तंबू कुठं ठोकू? दोन तास झाले, कुणाला काही कळत नाही."

सुदाबाई झाडू टेकवून उभी राहिली. रेजाबनं तोंड उघडलं. बोललो तर बायको खोटी ठरते, नाही बोललो तर नाव जातं. उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं आणि कलथोमकडं पाहिलं. असं त्यानं तिच्याकडं लग्नातही पाहिलं नव्हतं.

कलथोम उठली, डोईवरची ओढणी सारखी केली आणि सुदाबाईशी घडाघडा बोलली. मध्येच दोघी हसल्याही. "त्या जांभळीखाली ठोका," ती सोबरीला म्हणाली. "पावसाचं पाणी तिथं येत नाही."

सोबरीचा आ वासलेला. "वहिनी, तुम्हाला येतं?"

"ह्यांनीच शिकवलं की."

"वस्ताद," सोबरीनं रेजाबच्या पाठीत थाप मारली. "बायकोलासुद्धा तयार केलंस." रेजाबला इतकी लाज वाटली की त्याची मान वर होईना. सोबरीला तो विनय वाटला.

परतताना सीमा ओलांडली तरी रेजाब गप्पच. आता बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. गाव दिसायला लागलं तेव्हा कुठं तो घसा खाकरून म्हणाला, "अगं, तू आणि ती बुन्मा, वीस वर्षं काय बोलत होता एवढं?"

कलथोम खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्याबद्दलच."