मामाजींच्या पानातलं कारलं

कागजनगरकडच्या आमच्या गावाला लागून बंगाली निर्वासितांचा क्यांप होता. पूर्व पाकिस्तानातून देशोधडीला लागलेली माणसं, सरकारनं जमिनी देऊन इथं वसवलेली. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन आले, तोवर त्यांना येऊन बरीच वर्षं झाली होती. तरी गाव त्यांना 'नवीन लोक' म्हणायचं. मी परवाची, पण मला कोणी नवीन म्हटलं नाही. सरळ कामाला जुंपलं.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, पाहुणचारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. ती प्रसिद्धीही त्यांनी स्वतःच केलेली. "आपल्या दारातून कोनी उपाशी गेलं नाई," हे रोज ऐकावं लागे. क्यांपातल्या कोणाला दारात येऊच दिलं नव्हतं, त्यामुळे म्हणणं खोटंही नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लागताच क्यांपाची विहीर आटली. तिथल्या बायका लेकरं कडेवर घेऊन लांब नाल्यात झरे उकरत बसायच्या. आमच्या शेतातल्या विहिरीला मात्र भरपूर पाणी. शेवटी क्यांपानं मामाजींना आणि गावातल्या चार मोठ्या माणसांना जेवायला बोलावलं. जेवण झालं की पाण्याचं विचारायचं, असा बेत. बायकांनाही आवतण होतं, म्हणून मी गेले.

क्यांपातल्या एका घराच्या सारवलेल्या अंगणात पत्रावळी मांडल्या. घरच्या म्हातारीनं भातासोबत पहिलं काय वाढलं? कारलं! मामाजींनी घास घेतला आणि ताडकन उठले. "घरी बोलावून आमाले कडू चारता?" चार मोठेही उठले. त्यांनी तर अजून चाखलंही नव्हतं. म्हातारी हात जोडून विनवत राहिली, "दादा, हमारे में पहले कड़वा खाते हैं, मीठा आखिर में." पण ऐकतो कोण? चुलीवर खीर तशीच राहिली. मी बसून सगळं कारलं खाल्लं. मामाजींचा असा राग आला होता, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीच्या तोंडावर बाभळीचे काटे पडले.

मग पाडवा आला. सकाळी रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांच्या हातावर कडुलिंबाचा पाला ठेवला. मामाजी डोळे मिटून भक्तिभावानं चावू लागले.

"मामाजी," मी पदर सावरत म्हटलं, "सणाच्या दिवशी गोडाच्या आधी कडू चारलं म्या. उठून नाई गेले तुमी?"

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. मामाजींना पाला थुंकता येईना, गिळता येईना. शेवटी गिळला आणि बाहेर गेले.

दुपारी मी काटे ओढून काढले आणि क्यांपात निरोप धाडला. संध्याकाळी बायका घागरी घेऊन आल्या, आणि नेमके मामाजी शेताच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले. बायका जागच्या जागी थिजल्या.

"काटे कोनं काढले?"

"म्या."

ते विहिरीपाशी आले, दोर हातात घेऊन ओढून पाहिला. मग माझ्यावरच खेकसले, "मंग दोर काऊन नाई बदलला? सडून राह्यला तो. कोनाची घागर पडली, तं नाव आपल्या घराचं जाईन!"