दोनशे चाळीस जणांना मागणी

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल, एवढंच सांगतो. एका मुलीला मागणी घालायची म्हटली तरी माणसाला महिने लागतात, खरं ना? मी एका दिवसात दोनशे चाळीस जणांना घातली. त्यात आमचे शेठ होते!

तेव्हा मी वडप्याला एका कापडाच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होतो, म्हणजे कापडाच्या गठाणी, मोठे गठ्ठे हो, मोजून गाडीत चढवायच्या. मोबाइल फक्त बोलायला असायचा, ते दिवस. वय एकोणतीस, लग्नाचा पत्ता नाही. आम्ही तिथल्याच जवळच्या पूर्णा गावचे. आबा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी एक मुलगी दाखवायला न्यायचे आणि मुलीसमोर माझी वाचा बसायची. एकीने तर माझ्या आईला हळूच विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

फक्त एका मुलीशी मी रोज बोलायचो. आमच्या नाशिक ब्रँचची वैशाली. तीही फोनवर.

"गाडी निघाली का?"

"निघाली मॅडम."

"गठाणी किती?"

"बावीस."

दोन वर्षं हाच आमचा प्रेमसंवाद! पण तिचा फोन आला की मी खुर्चीत सरळ बसायचो, शर्टाची कॉलर नीट करायचो. फोनवर काय दिसणार होतं, देव जाणे!

एके दिवशी दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक जाहिरात उघडली. 'तुमची जोडीदार तुमची वाट बघतेय.' म्हटलं, बघू तरी कुठे बसलीय. साइटने फोटो मागितला, चुलतभावाच्या हळदीतला दिला. ईमेल मागितला. माझा स्वतःचा कुठला असायला? ऑफिसचा दिला. मग म्हणे, पासवर्ड द्या, तुमच्या ओळखीचं कोणी आधीच इथे आहे का ते बघतो. मला वाटलं, किती आपुलकी! दिला.

आणि त्या आपुलकीने ऑफिसच्या मेलमधले सगळेच्या सगळे पत्ते उचलले! प्रत्येकाला माझ्या हळदीतल्या तोंडासकट मेल गेला. मराठीत सांगायचं तर असा, 'हेमंत तुम्हाला मनापासून पसंत करतो. तुम्हीही करता का? हो किंवा नाही दाबा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ केबिनमधून बाहेर आले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हेमंत, तू मेरे को पसंद करता है, अच्छी बात है. लेकिन उसमें मेरे को हाँ या ना काय को पूछता है?"

मी उत्तर देणार तोच फोन. पडघ्याचे ट्रान्सपोर्टवाले यादवजी. "भैया, हमारे तीन बच्चे हैं." एवढंच बोलून ठेवला! पाठोपाठ टायरवाला. काहीतरी स्कीम असेल म्हणून त्याने 'हो' दाबलं होतं. आता विचारत होता, "बक्षीस कधी मिळणार?"

दुपारी जेवायला घरी गेलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आबा ओटीवर उभे.

"काय र, मी तुला पोरी दाखवतंय आन् तू शेठला मागनी घातलीस?"

"आबा, मी न्हाय. वेबसाइटनं घातली."

"कंची ही? तिचा बाप कोन हाय?"

मी दोन घास खाल्ले आणि ऑफिसला पळालो!

परत आलो तर शेठचं हसू गेलेलं. सुरतच्या मोठ्या पार्टीलाही मेल पोचला होता. "शाम तक सबको माफी का मेल जाना चाहिए. नहीं तो कल से घर बैठ."

नोकरीची भीती होतीच, पण त्या दोनशे चाळीसमध्ये नाशिक ब्रँचही होती. आणि त्या दिवशी वैशालीचा फोनच आला नव्हता. गाडीची चौकशी तिथल्या शिपायाने केली!

मी माफी लिहायला बसलो. खेद, दिलगिरी, क्षमस्व, सगळं घातलं. वर शंकेला जागा नको म्हणून एक वाक्य जोडलं, 'माझ्या मनात आपणांपैकी कोणाहीबद्दल कसल्याही भावना नाहीत.' शेठने वाचलं, मान डोलावली. "अच्छा लिखा है." पाठवलं.

दहा मिनिटांत फोन.

"वैशाली बोलतेय, नाशिकहून."

"मॅडम, गाडी निघा..."

"गाडी राहू द्या. कोणाहीबद्दल कसल्याही नाहीत का?"

"ते... ते गिऱ्हाइकांसाठी होतं मॅडम."

"मेल मला आलाय." खट्! ठेवला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग डोक्यात उजेड पडला. अहो, ती रागावली! जिला माझं काहीच वाटत नाही, ती रागावेल कशाला? अंगात असा काही जोर आला म्हणून सांगू! तोच मेल उघडला, रिप्लाय मारला आणि लिहिलं, 'आधीचा मेल आपणास लागू नाही. माझ्या मनात भावना आहेत. दोन वर्षांपासून आहेत.'

पाठवलं. आणि मग बघितलं. रिप्लाय सगळ्यांना गेला होता.

केबिनचं दार हळूच उघडलं.

"दो साल से?" शेठ म्हणाले.

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. नाव सांगितलं तसे शेठ टेबल धरून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "कल नाशिक की गाड़ी में बैठ. मुँह से बोल के आ. और कंप्यूटर को हाथ मत लगा!"

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरशेजारी बसून नाशिक गाठलं. गोडाऊनच्या दारात एक मुलगी केसांत पेन खोचून गठाणी मोजत होती. आवाज ऐकला आणि ओळखलं. माझी वाचा बसली, नेहमीसारखी. ती थांबली. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तो दुसरा मेल... लागू आहे."

ती हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "ती साइट तुम्ही परत उघडून बघितलीच नाहीत?"

"नाही. भीती वाटत होती."

"मी पहिल्याच सकाळी 'हो' दाबलं होतं. दिवसभर फोनला हात लावायची लाज वाटत होती मला!"

पुढच्या वैशाखात लग्न झालं. वरातीत सगळ्यांत जास्त शेठ नाचले. सगळं छान झालं हो, पण अजून आठवलं की मी उशीत तोंड खुपसतो. जन्मात पहिल्यांदा एका मुलीने मला 'हो' म्हटलं, आणि मी काय केलं? तिची लेखी माफी मागितली!