बिनगळ्याचं झंपर

सावित्रीअक्का माणसाच्या तोंडाकडं नंतर पाहायच्या, आधी खांद्याकडं. हुबळीच्या विद्यानगरात मी त्यांच्या शेजारी राहायला गेले, त्या दिवशी "या, बसा" म्हणायच्या आधीच त्यांनी माझ्या ब्लाऊजचा खांदा चिमटीत धरला. "कुणी कापलं हो हे? हात मोडले होते काय त्याचे?" राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं. आता मी बेळगावात असते, तरी शिंप्याकडं गेले की ती चिमूट आठवते.

कोप्पीकर रोडजवळच्या बोळात अक्कांचं शिवणाचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला आणि मशीन चालवणं होईना. बेंगळूरचा मुलगा प्रसाद हट्टाला पेटला, "दुकान सोड, माझ्याकडं चल." अक्का म्हणायच्या, "तिथं जाऊन लिफ्टशी बोलू काय?" दुकानाचं भाडं निघालं तरच त्यांना हुबळीत राहता येणार होतं. म्हणून त्या फोनवरून शिवण शिकवू लागल्या. मी फोन धरून व्हिडिओ काढायची आणि त्या एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये बोलत कात्री चालवायच्या.

पण हे फुकट द्यायचं की पैसे घेऊन? "फुकटाला किंमत नसते, अक्का," असं माझं मत. प्रसादनं मधली वाट काढली. पाठ, पुढा, बाह्या फुकट. गळ्याचा धडा तेवढा पैसे भरल्यावर उघडणार. "सगळे असंच करतात, आई. अर्ध्यावर आलेलं माणूस भरतंच पैसे."

कुणी एक पैसा भरला नाही. एका सकाळी मात्र कलघटगीच्या बसनं तिघी जणी आल्या आणि त्यांनी पिशव्यांतून बिनगळ्याचे ब्लाऊज काढले. एकीनं अंदाजानंच गळा कापला होता. त्यातून तिचे दोन्ही खांदे आरामात बाहेर येत होते. आम्ही पोट धरधरून हसलो. अक्का हसल्या नाहीत. कात्री लागलेलं कापड अर्धवट ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. जेवणाचं ताट वाढलेलं असलं तरी हातातलं पुरं करूनच उठायचं. "या पोरींचं कापड मी अर्ध्यात सोडलं की गं," म्हणत त्या चक्क रडल्या.

मग प्रसादला फोन. "विकायचं तर अख्खं विकायचं, द्यायचं तर अख्खं द्यायचं. अर्धं दाखवून अडवायचं, हा धंदा न्हवं रे, खोडी आहे खोडी!" साधा ब्लाऊज गळ्यासकट फुकट झाला. लग्नातल्या नक्षीदार ब्लाऊजांचे धडे मात्र सगळेच्या सगळे विकत. "तेही फुकट द्या की," असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार, "का बा? माझे गुडघे काय फुकटात झिजले?"

दिवाळीनंतर प्रसाद त्यांना न्यायला आला, तेव्हा अक्का फोनसमोर बसून नक्षीचा गळा शिकवत होत्या. पलीकडं कलघटगीच्या तिघी होत्या, शिवाय त्यांच्या नणंदा-जावा. साऱ्या पैसे भरून आलेल्या. दुकानाचं भाडं निघू लागलं होतं. प्रसाद चकित. "आधी फुकट दिलंस, तरी भरतात?"

"अरे, पहिलं झंपर अंगावर नीट बसलं, तरच बाई दुसऱ्या झंपरासाठी कापड काढते," अक्का म्हणाल्या. "आणि जरा बाजूला सरक की बाबा, उजेड अडवालास."

प्रसाद सरकला, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच बेंगळूरला गेला.