तळ्याकाठची मोजणीबाई

तळ्याच्या फाटकावर बसणाऱ्या बाईचा नवरा त्याच तळ्यात बुडाला आणि तो कधीतरी वर येईल या आशेवर ती नोकरी सोडत नाही, असं सहलीला येणारे लोक एकमेकांना सांगतात. आवाज खाली घेऊन सांगतात, पण शेवटचं "बिचारी" मात्र फाटकापर्यंत पोचेल असं म्हणतात.

नवरा बुडालेला नाही. तो रोज दुपारी एक वाजता स्कूटरवरून तिचा डबा घेऊन येतो. ही गोष्ट त्यानं स्वतः समोरच्या चहाच्या दुकानात ऐकली आहे. "अरेरे, पोहता येत नव्हतं का हो त्याला?" असं विचारून त्यानं वर एक बिस्किट जास्त खाल्लं. ती बाई म्हणजे माझी आत्या आणि बुडालेले हे आमचे काका.

कोणीतरी बुडालं होतं, एवढं मात्र खरं आहे.

आत्या तिथं बावीस वर्षं आहे. डबे घेऊन येणारी कुटुंबं, तंबू लावणारी कॉलेजची टोळकी, तळ्याला सहा किलोमीटरची फेरी मारणारे निवृत्त लोक, सगळ्यांना तिच्या केबिनवरून जावं लागतं. केबिनमध्ये टेबल, थर्मास, प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतभर खिळ्यांचा बोर्ड. आत जाणाऱ्या प्रत्येकाला नंबराचा एक बिल्ला मिळतो. बाहेर पडताना तो परत द्यायचा, आत्या तो त्याच्या खिळ्यावर अडकवते. संध्याकाळी साडेपाचला शिट्टी, बोर्ड भरला की फाटकाला कुलूप. म्हणून तिचं नाव मोजणीबाई.

दोन वर्षांपूर्वी नऊ जण दोन गाड्या घेऊन आले होते. शिट्टी झाल्यावर त्यांच्यातला एक धावत आला. त्याच्या टोपीत नऊच्या नऊ बिल्ले. "सगळे गाडीत बसलेत, ताई, उशीर होतोय हो!" आत्यानं नऊ बिल्ले अडकवले. बोर्ड भरला. तिनं कुलूप घातलं. त्या नवांपैकी एक मात्र शेवटची एक डुबकी मारायला मागे फिरला होता. बिल्ला पाण्यात पडू नये म्हणून त्यानं तो आधीच मित्राकडे दिला होता. पहिल्या गाडीला वाटलं तो दुसरीत आहे, दुसरीला वाटलं पहिलीत. सकाळी तो लव्हाळ्यात सापडला. सव्वीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. कर्मचाऱ्याचा दोष नाही, असा निकाल लागला. आत्याला कोणी विचारलंच तर ती एवढंच सांगते, "बोर्ड भरलेला होता." आज मंगळवार आहे, असं सांगावं तशी सांगते.

मला लोकांचे आवाज काढता येतात. पूर्वी सुट्टीत मी केबिनमध्ये बसून दिवसभरातली गिऱ्हाइकं करून दाखवायचे आणि आत्या टेबल धरून हसायची. "बास गं, पोट दुखलं!" आता मी करते तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकते आणि म्हणते, "हं. तसाच बोलतो." रडत नाही, चिडत नाही, जेवते, झोपते. तळ्याकडचं मागचं दार मात्र तिनं कडी घालून बंद केलं आहे. फेरीच्या वाटेवर ती दोन वर्षांत गेलेली नाही.

नियम तेवढा बदलला. ज्याचा बिल्ला त्यानंच द्यायचा, तोही तिच्या डोळ्यांसमोर उभं राहून.

"अहो ताई, आम्ही काय बालवाडीत आहोत का?"

"मिस्टर गाडी काढतायत, मी देते ना त्यांचा!"

"आजोबांचे गुडघे दुखतात, फोटो पाठवू का त्यांचा?"

"आजोबांना आणा," आत्या म्हणायची. आजोबा यायचे. कुरकुरत, पण यायचे.

तक्रारी वर गेल्या. मग साहेब आले. साहेबांना प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय. "मशीन बसवतोय, बाई. मशीन. माणूस आत गेला की आकडा वाढणार, बाहेर आला की कमी होणार. कमी होणार." आत्याला शहरातल्या ऑफिसात बदली मिळणार होती. गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि खिडकीबाहेर पाणी नाही. रविवारी मशीनची चाचणी होती, त्यानंतर आत्यानं फॉर्मवर सही करायची होती.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "अगं, जा. इथं बसून दगड झालीस तू." काका म्हणाले, "मी बुडालेलाच बरा, डबा तरी पोचवायला लागणार नाही." आत्या म्हणाली, "बघू."

रविवारी साहेबांनी बिल्ले खोक्यात भरून कपाटात ठेवायला लावले. भिंतीवर नुसते खिळे. आत्या खिडकीशी बसून राहिली. दिवसभर माणसं मशीनच्या फिरत्या दांड्यातून आत गेली, बाहेर आली, आणि कोणी तिच्याशी भांडलं नाही. चहा गार झाला. मी दुसरा ओतला, तोही गार झाला.

साडेपाचला शिट्टी झाली. शेवटचं टोळकं गेलं. मशीनवर शून्य.

"बघा! शून्य. शून्य!" साहेबांनी पेन पुढे केलं.

"एक आहे आत," आत्या म्हणाली.

"बाई, शून्य आहे."

"निळ्या टोपीची बाई. काठी घेऊन एकटीच गेली, अकराच्या सुमाराला. आली नाही."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मला आत्याची लाज वाटली, खरं सांगते. तिला आता भास व्हायला लागलेत, असंच वाटलं मला. मी म्हणाले, "आत्या, आत कोणी नाही. सही कर. पैज लाव हवं तर."

"लावली," ती म्हणाली. मागच्या दाराची कडी काढायला तिला वेळ लागला, गंजली होती. मग ती वाटेला लागली. घाईनं नाही, नेहमीच्या चालीनं. ऊन अजून पाण्यावर होतं. मी मागून गेले. साहेब बूट सांभाळत माझ्या मागे.

तिसऱ्या वळणानंतर वाटेच्या खाली, उतारावर, निळी टोपी दिसली. पाय मुरगळून सुजला होता. फोन पाण्यात गेला होता. हाका मारून मारून बाईंचा आवाज बसला होता. "कुलूप लावलं असेल, असंच धरून चालले होते मी," त्या पुटपुटल्या.

"नाही लावलं," आत्या म्हणाली आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला.

परत येताना साहेब "पण आकडा... पण आकडा" करत होते. आत्यानं न थांबता सांगितलं. "सकाळी एक आई पोराला कडेवर घेऊन आत गेली. मशीननं एक धरलं. जाताना पोर चालत गेलं. दोन वजा झाले."

फाटकाशी साहेबांनी फॉर्म काढला, तिच्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"मशीन राहू दे, साहेब," आत्या म्हणाली. "मी पण राहते."

आत्याला न्यायला आलेल्या काकांनी बाईंना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. मला वाटलं, आता तरी आत्या हसेल, नाहीतर रडेल. तिनं थर्मास विसळला.

"पैज हरलीस ना?"

"हरले. पण कशाची, ते ठरलंच नव्हतं."

"त्या बाईंची काठी खाली राहिलीय, पाण्याजवळ. उजेड आहे तोवर घेऊन ये."

कपाट उघडून तिनं खोक्यातला एक बिल्ला माझ्या हातावर ठेवला, नंबर मोठ्यानं म्हणायला लावला, आणि खुर्ची तळ्याकडे फिरवून बसली.