प्लास्टरबाईंचं चिलखत

हाडांच्या इस्पितळात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली होती, आणि तिथं गेली तेवीस वर्षं प्लास्टरबाईंचं राज्य होतं. डॉक्टर हाड जागेवर बसवून हात धुवायला जात, पुढचं सगळं बाईंचं. आधी कापसाची पट्टी, मग पाण्यात बुडवून पिळलेली प्लास्टरची पट्टी, घडीवर घडी, मध्ये सुरकुती म्हणून नाही. ओल्या प्लास्टरवर त्या तळहात फिरवत, बोटं टेकवत नसत. बोटाचा खळगा राहिला की तो आत कातडीला टोचतो, हे त्यांनी प्रत्येक नव्या नर्सला एकदा प्रेमाने आणि एकदा रागावून सांगितलेलं असे. बाईंनी बांधलेला हात सहा आठवडे तसूभरही हलायचा नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

शेजारच्या खोलीत व्यायामताई होत्या. प्लास्टर निघालं की तोच पेशंट फळीसारखा आखडलेला हात घेऊन त्यांच्याकडे जाई आणि पहिल्याच दिवशी कळवळून ओरडे.

"तू बांधून ठेवतेस आणि शिव्या मी खाते," व्यायामताई म्हणायच्या.

"मी बांधते म्हणून तुझी खोली चालते," बाई म्हणायच्या. हे भांडण वीस वर्षं जुनं होतं आणि दोघींना ते चहाइतकंच लागायचं.

बाईंची एकुलती एक मुलगी कॉलेजात होती. चणीने बारीक, आवाजाने मात्र दांडगी. त्या वर्षी कॉलेजच्या नाटकात तिला सेनापतीची भूमिका मिळाली. हरलेली सेनापती राणीपुढे गुडघा टेकते, तलवार खाली ठेवते आणि तिथून उठून शेवटचं मोठं भाषण करते, असा प्रवेश होता. मुलगी ते भाषण भांडी विसळताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. शेजाऱ्यांनाही अर्धं पाठ झालं होतं.

घोळ झाला पोशाखाचा. भाड्याच्या दुकानातून आलेलं पत्र्याचं चिलखत कुणा सहा फुटी गड्याच्या मापाचं होतं. त्यात मुलगी बादलीत ठेवलेल्या चमच्यासारखी दिसत होती आणि वाजतही तशीच होती. नाटक बसवणारे सर शांतपणे म्हणाले, "काम तू उत्तम करतेस. पण प्रेक्षक हसले तर नाटक संपलं. पुढच्या शुक्रवारी पोशाखातली तालीम आहे. तोवर तुझ्या मापाचं चिलखत आलं तर तू. नाहीतर हे जिला बसतंय तिला भूमिका द्यावी लागेल." ते एका उंच मुलीला बसत होतं. तिचंही भाषण पाठ होतं.

मुलीने घरी येऊन हे सगळं बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं. मुलगी रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"ही चिलखतं हल्ली कशाची करतात?" त्यांनी विचारलं.

"फोमची. लहान मुलांना खेळायला जोडायच्या चटया असतात ना, त्या फोमची. पण आई, ते शिकायलाच लोकांना वर्ष लागतं."

"मी तेवीस वर्षं माणसांभोवती टरफलं चढवतेय. वर्ष कुणाला लागतं ते बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चटया घरात आल्या आणि जेवणाचं टेबल नवऱ्याच्या हातून गेलं. बाईंनी चार व्हिडिओ पाहिले, दोन अर्ध्यावर सोडले आणि मुलीला मधोमध उभं केलं. अंगाभोवती स्वयंपाकघरातली पातळ चिकटती प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, शिवणी आखायच्या आणि ते टरफल कापून सपाट केलं की माप तयार. इथं तर त्यांचा हातखंडाच.

"श्वास घे. सोड. हलू नकोस."

"आई, मी पेशंट नाहीये."

"पेशंट एवढं बोलत नाहीत."

त्यांनी माप कापलं ते बँडेजच्या कात्रीने. तिचं खालचं टोक बोथट असतं, कातडीवरून सरकतं पण टोचत नाही. मुलीला तिचा गारवासुद्धा जाणवला नाही.

पुढे मात्र नवशिकेपण आडवं आलं. प्लास्टर ओलं असेपर्यंत माणसाचं ऐकतं. फोमचा गोंद उलटा. दोन्ही कडांना लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट पाहायची आणि मगच कडा जुळवायच्या. बाईंनी सवयीने ओल्यातच जुळवल्या. छातीचा तुकडा सकाळपर्यंत पुस्तकासारखा उघडला होता. मग खांदे कापले तेव्हा कागदी माप उलटं करायचं राहिलं आणि घरात दोन डावे खांदे झाले. नवऱ्याने त्यातला एक उचलून निरखला.

"हा मी ठेवू का? पातेल्यावर झाकायला बरा आहे."

"ठेवा तिथं. आणि खिडकी उघडा, गोंदाचा वास कोंडलाय."

चौथ्या दिवसापासून हात बसला. कटरचं पातं बोथट झालं की फोम कापला जात नाही, कुरतडला जातो, हे कळल्यावर त्या दर दोन तुकड्यांनी पातं बदलू लागल्या. गरम हवेच्या बंदुकीखाली फोमवर हलकी चकाकी येई, तेवढ्यात तो पालथ्या पातेल्यावर दाबून निवेपर्यंत धरायचा, की बाक कायमचा. हे त्यांना फार आवडलं. धरून ठेवणं त्यांना येतच होतं. रंग धरावा म्हणून लाकडाच्या गोंदाचे तीन हात दिले, वर काळा रंग, आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने रुपेरी. पोलादच वाटावं असं काम उतरलं. इस्पितळात त्यांनी दिवसाला तीनदा फोटो दाखवले.

एक गोष्ट मात्र त्या कुणालाच सांगत नव्हत्या. तलवारबाजीचा प्रवेश उंच चौथऱ्यावर होता आणि पोरगी तिथून कोसळली तर, हे चित्र कापता-चिकटवताना त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हणून कोपरा-गुडघ्यांना त्यांनी फोम दुहेरी लावला. मनगटापासून दंडापर्यंत एकसंध बाही, घोट्यापासून मांडीपर्यंत एकसंध नळी. फट म्हणून ठेवली नाही. लागतं ते फटीतूनच.

बुधवारी संध्याकाळी मुलीने सगळं अंगावर चढवलं. व्यायामताईंना मुद्दाम बोलावलं होतं. मुलगी खोलीत आली. ती दोन बोटं उंच झाल्यासारखी दिसत होती. डावा हात तलवारीच्या मुठीवर असावा तसा ऐटीत दुमडलेला.

व्यायामताईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "झकास. आता गुडघा टेक बघू."

मुलीने प्रयत्न केला. गुडघा वाकेना. तिने जोर लावला, तेव्हा ती भरलेलं कपाट कलंडावं तशी सगळीच्या सगळी पुढे आली. दोघींनी धावून धरली.

"बरं, हात सरळ कर."

हात सरळ होईना.

व्यायामताईंनी कोपर चाचपलं आणि खुर्चीवर बसल्या. "मला वाटलं, रुबाबात हात असा धरलाय. बाई, हे कोपर काटकोनात आहे. गळ्यातल्या झोळीत ठेवायला बरं पडावं म्हणून ठेवतेस तसं. तू चिलखत नाही केलंस. तू हिला नखशिखांत प्लास्टर घातलंस."

बाईंनी कोपराचा कोन पाहिला. खरंच होतं. माप घेताना हात कसा ठेव हे मुलीला सांगायची गरजच पडली नव्हती. त्यांनीच तो सवयीने दुमडून धरला होता.

"राहू दे आई," मुलगी म्हणाली. आवाज पुन्हा बातम्या सांगणारा झाला होता. "खूप केलंस तू. ती उंच मुलगी चांगलं करते."

हे ऐकलं आणि बाईंचा निश्चय झाला. "उद्या दुपारी इस्पितळात ये," त्या म्हणाल्या. "हे सगळं घेऊन ये."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत व्यायामताईंच्या खोलीत मुलीला साध्या कपड्यांत गुडघा टेकायला लावलं. व्यायामताईंनी कोन मोजायची पट्टी लावली, वाकताना कातडीला घडी कुठे पडते तिथं खडूने खुणा केल्या.

"पुढून पट्ट्या कर, एकीवर एक सरकणाऱ्या. आतून रुंद इलॅस्टिक लाव. मागून उघडं."

"मागे काहीच नाही?"

"काहीच नाही. तिथं गुडघा दुमडतो."

"आणि पडली तर?"

"वाकता येणारं माणूस सहसा पडत नाही. मी रोज पाहते. आखडलेलं पडतं."

बाईंनी चिलखताच्या पायावरून तळहात फिरवला. स्वतः घातलेलं प्लास्टर त्यांनी हजारदा कापलं होतं, पण दिवस भरल्याशिवाय कधीच नाही. इथं तर रंग वाळून दोन दिवसही झाले नव्हते. त्यांनी नवं पातं लावलं, चिलखताचा डावा पाय टेबलावर आडवा घेतला आणि पहिला काप सरळ गुडघ्याच्या वाटीवरून काढला. मग त्याच्याखाली दुसरा. व्यायामताई इलॅस्टिक मापून देत राहिल्या, मुलगी दोन्ही बाजूंना गोंद लावून वाऱ्यावर धरत राहिली. सुट्टी संपली तेव्हा पाय झाले होते. कोपरं ड्यूटी सुटल्यावर झाली.

शुक्रवारी तालमीला उंच मुलगी पत्र्याचं चिलखत घालूनच बसली होती, पण संकोचाने अंग चोरून; बिचारीचा काही दोष नव्हता. बाई विंगेत गोंदाचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. मुलगी चौथऱ्यावर आली. लढली, हरली, राणीपुढे आली. गुडघ्यावरच्या पट्ट्या एकीखाली एक सरकल्या, आवाज न करता. गुडघा जमिनीला लागला. तलवार खाली ठेवताना कोपर सरळ झालं. मग ती उठली, हात न टेकता, आणि भाषण सुरू झालं. तिसऱ्या वाक्याला उजव्या गुडघ्याची एक पट्टी सुटून लोंबू लागली. बाईंचा हात डब्याच्या झाकणावर गेला. मुलीने खाली पाहिलंसुद्धा नाही.

भाषण संपल्यावर सरांनी वहीत काहीतरी टिपलं. "ती पट्टी पक्की करून घे," ते म्हणाले. "रविवारी प्रयोग आहे. आणि गुडघा टेकतेस ते जरा सावकाश हवं. परत कर."

बाई डबा उघडत पुढे निघाल्या होत्या. पण मुलगी तोवर पुन्हा खाली गेली होती, एक गुडघा टेकून, मान ताठ ठेवून, राणीच्या वाक्याची वाट पाहत. ती उठेपर्यंत बाईंना थांबावं लागलं.