एक जूनचा वाढदिवस

शहराबाहेरच्या पार्कच्या तिकीट खिडकीवर पाटी होती: वाढदिवसाला प्रवेश मोफत, मूळ ओळखपत्र दाखवावे. एक जूनला मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिथे घेऊन गेलो. रांगेत आमच्या पुढे तीन म्हातारे आणि एक आजी असे चौघे उभे होते. चौघांच्याही हातात आधार कार्ड, आणि चौघांचाही जन्म एक जूनचा.

आमची पाळी आली तेव्हा खिडकीतली मुलगी हसून म्हणाली, "काका, आज सगळे ठरवून जन्माला आलात का?"

अण्णांनी पुढे केलेलं कार्ड मागे घेतलं. "ताई, खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेत घालताना गुरुजींनी ही लिहिली."

मला वाटलं, आता हे परत फिरणार. आकाशपाळण्यात बसायचं म्हणून ते नवा सदरा घालून आले होते.

आमच्याकडे जन्माची नोंद नसलेल्या मुलांना गुरुजी सरसकट हीच तारीख देत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, एवढंच कारण. त्या तारखेवर अण्णा चौथीपर्यंत शिकले. माझ्या पदवीची सुरुवात मी तिथूनच धरतो.

मुलगी म्हणाली, "माझ्या आजोबांचाही आजच असतो. द्या ते कार्ड." आणि तिने अण्णांना वाढदिवसाची कागदी टोपी दिली.

पाळण्यातून उतरल्यावरही त्यांनी ती काढली नाही. परतताना एसटीत कंडक्टरने विचारलं, "काय आजोबा, वाढदिवस वाटतं?"

टोपी सारखी करत अण्णा म्हणाले, "हो, आजच आहे."