क्लीनरला विचारा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध माणसं. घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. पिंपरीला आमच्या वस्तीत कुणा बाईच्या अंगात आलं, की माझी आई तिला तांब्याभर पाणी द्यायची आणि विचारायची, "सकाळपासून जेवलीस का?" बहुतेक वेळा ती जेवलेली नसायची.

त्यामुळे कुणाला हसायचं असेल तर हसा. शुद्धलेखन मात्र बघू नका... मी बोलतोय, फोन टाइप करतोय. शाळा मी सातवीत सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं. मराठी पाट्या वाचतो. इंग्लिश बोलतो कसंबसं, पण कागदावर आलं की नुसती मुंग्यांची रांग. हे लक्षात ठेवा, कारण माझ्यावर जो आळ आला तो पुस्तक चोरल्याचा!

जागा सांगतो. बर्मिंगहॅम, हॅन्ड्सवर्थ. म्हाताऱ्या माणसांसाठीची दोन मजली बिल्डिंग. माझी बायको सुनीता हॉस्पिटलात नर्स, तिच्या व्हिसावर मी इकडं आलो आणि या बिल्डिंगमध्ये क्लीनर झालो. फ्लॅट नंबर नऊ, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन वाजता. तिथं राहायचे मिस्टर क्लॅरेन्स. जमैकाचे, जन्मभर इथली बस चालवलेले, आता डोळ्यांनी अधू. मी त्यांना अंकल म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी गेलो तो चॅरिटी शॉपमधला रेनकोट घालून. माझ्यापेक्षा तीन साइझ मोठा. बाह्यांत हात सापडत नव्हते. अंकल दारातच म्हणाले, "ये इन्स्पेक्टर, खून बेडरूममध्ये झालाय." मी खरंच आत जाऊन बघून आलो. ते खुर्चीत बसून खोकला येईपर्यंत हसले. तेव्हापासून मी इन्स्पेक्टर.

त्यांना एकच वेड होतं... जुने ब्लॅक अँड व्हाइट डिटेक्टिव्ह पिक्चर. हॅट, पाऊस, सिगारेटी, आणि सगळेच संशयित. भर दुपारी ब्लाइंड्स अर्धी पाडायचे, म्हणजे भिंतीवर उजेडाचे पट्टे पडायचे. म्हणायचे, "आता मूड आला." मी हूव्हर, म्हणजे कचरा ओढायचं मशीन, बंद करून उभा. शेवट यायच्या आधी ते पिक्चर थांबवायचे.

"बोल इन्स्पेक्टर, कोणी केलं?"

"नोकरानं."

"अरे, तो तर तुझाच भाऊबंद!"

"म्हणून तर म्हणतो अंकल, आम्हाला मी ओळखतो."

एकदाही माझं उत्तर बरोबर आलं नाही.

एकदा मात्र ते हसले नाहीत. पिक्चरमध्ये एक काळा माणूस दार उघडतो, कोट घेतो, जातो. अंकलनी तिथंच थांबवलं. "हा बघ. याला दोन ओळी. घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं यानं बघितलंय. पण अख्ख्या पिक्चरमध्ये याला कोणी विचारत नाही." मग म्हणाले, "म्हणून मी माझाच लिहिला."

त्यांनी लिहिलेला डिटेक्टिव्ह म्हणजे हॉरेस बेल. काळा माणूस, सकाळी बर्मिंगहॅमच्या बसवर कंडक्टर, ड्युटी संपली की हॅट घालून डिटेक्टिव्ह. टाइपरायटरवर टाइप केलेला जाडजूड गठ्ठा, दोरीनं बांधलेला. मला वाचता येत नाही म्हणून पहिला चॅप्टर त्यांनी स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरला आणि जुन्या टेपरेकॉर्डरसकट मला दिला. तो मी घरी भाकरी थापताना इतक्यांदा ऐकला, की सुनीता म्हणायची, "अहो, त्या बेलला एकदा जेवायलाच बोलवा." चॅप्टरच्या शेवटी बेल जिना उतरतो, बूट वाजतात, आणि खटकन टेप बंद. दुसरी बाजू कोरी.

शेवटचा चॅप्टर त्यांनी कोणालाच वाचून दाखवला नाही. तो यव्होनसाठी होता. यव्होन म्हणजे त्यांची मुलगी, लेस्टरला असते. बापलेकीचं बोलणं किती वर्षं बंद होतं. मध्येच एकदा त्यांनी तिला फोन केला. मी तेव्हा खिडकी पुसत होतो. म्हणाले, "जे तुला तोंडानं सांगता आलं नाही, ते पुस्तकाच्या शेवटी आहे. मी गेल्यावर वाच."

मग एका रविवारी अंकलना हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवसांनी गेले.

यव्होन आली आणि गठ्ठा गायब. बिल्डिंगच्या मॅनेजर पॉलीननं सगळं उलटंपालटं केलं. पलंगाखाली, खणांत, सोफ्याच्या उशांत. नाही. आणि चावी कोणाकडे? माझ्याकडे. शेवटी फ्लॅटमध्ये कोण होतं? मी. ते हॉस्पिटलात असतानाच्या शुक्रवारी.

मला ऑफिसात बसवलं. तिथंही ब्लाइंड्स अर्धी. पॉलीनच्या तोंडावर पट्टे, यव्होनच्या तोंडावर पट्टे. मला वाटलं आता कोणीतरी सिगारेट पेटवणार.

"शुक्रवारी तू काय करत होतास?" यव्होननं विचारलं.

"हूव्हर."

"आणि गठ्ठा कुठं होता?"

"आठवत नाही मॅडम."

"त्या एका फोनवर माझे वडील म्हणाले होते, तू त्यांचा दोस्त. दोस्ताला आठवत नाही?"

"मॅडम, मी पुस्तक कशाला चोरू? मला वाचता येत नाही."

हे मी इतक्या घाईनं बोललो, की मलाच ते खोटं वाटलं. पॉलीननं चावी काढून घेतली. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सुनीता म्हणाली, "हॉस्पिटलात आपल्यातल्याच एका बाईनं मला विचारलं, तुमच्या मिस्टरांचं काय झालं म्हणे?" म्हणजे आपल्या लोकांपर्यंत पोचलं होतं. एवढ्या वर्षांत कमावलेलं एवढंच होतं हो... कोणी चोर म्हणत नव्हतं.

म्हटलं, मीच शोधतो. माझा संशय वरच्या मजल्यावरच्या मिस्टर हिग्जवर. ते अंकलकडून पिक्चर मागून न्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. घातला रेनकोट, लागलो मागे. बसमध्ये तोंडासमोर पेपर धरून बसलो. तीन स्टॉपनंतर हिग्ज वळले आणि म्हणाले, "पेपर उलटा धरलायस बाळा. आणि उतरताना जरा माझी पिशवी घे, तू तसाही माझ्याच मागं येतोयस." पिशवीत मांजराचं खाणं. ते मी त्यांच्या दारापर्यंत वाहून दिलं.

शनिवार. दुपारचे तीन. सोमवारी फ्लॅट रिकामा करणारी माणसं येणार होती, जे दिसेल ते स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकणार. सुनीता ड्युटीवरून येऊन टेबलाशी चहा पीत होती. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि टेप लावली. म्हटलं, निदान आवाज तरी ऐकू.

चॅप्टर संपला. बेल जिना उतरला. बूट वाजले. मी खटक्याची वाट बघतोय.

खटका नाही.

टेप चालूच. जरा खरखर. मग अंकलचा आवाज, पण जवळून... खुर्ची पुढं ओढून बोलावं तसा. भरभर, त्यांच्या घरच्या जमैकन बोलीत. मला दोन-तीनच शब्द कळले. सुनीताचे पेशंट तसंच बोलतात, तिला कळतं. तिनं कप खाली ठेवला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"थांबा." मग हळूच म्हणाली, "म्हणतात, कोणी चोरलं नाही. क्लीनरला विचारा. काय नेलंस ते विचारू नका. जमिनीवरून काय उचललंस, ते विचारा."

खटक.

माझ्या हातातलं पीठ तसंच. रिवाइंड केलं. बेल जिना उतरला, बूट, खटक. परत केलं. खटक. दुसरी बाजू लावली, कोरी. सुनीता नर्स आहे, माणसं मरताना बघते, तरी तिनं उठून टेपरेकॉर्डरचा प्लगच काढला.

आणि मला आठवलं.

माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पण कागद जमिनीवर दिसला की उचलायची, कपाळाला लावायची आणि घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवायची. म्हणायची, आपल्याला शतकानुशतकं याला हात लावू दिला नाही, तो पायात कसा येऊ द्यायचा? तीच खोड मला. त्यात मला वाचता येत नाही, म्हणजे कोणता कागद मोठा आणि कोणता फालतू हे कुठं कळतंय... पिझ्झाची जाहिरातसुद्धा मी कपाळाला लावून वर ठेवतो. दिवसात दहा वेळा. हात आपोआप करतो, डोक्याला खबर नसते.

त्या शुक्रवारी पलंगाशेजारी काहीतरी पडलं होतं. हूव्हरचं तोंड त्याला लागलं. मी उचललं, कपाळाला लावलं, आणि बॉयलरच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, टॉवेलांच्याही वर. सगळ्यांनी शोधलं ते खाली. वर कोणी बघितलंच नाही.

आता खरी गंमत बघा. सांगितलं, तर चोर मीच... लपवलेली जागा चोरालाच माहीत असते, हे मी दहा पिक्चरमध्ये बघितलेलं. नाही सांगितलं, तर सोमवारी सगळं स्किपमध्ये. सुनीता म्हणाली, "फोन करा. मी येते बरोबर."

यव्होन लेस्टरहून तासाभरात आली. अंकलच्या फ्लॅटमध्ये बॉयलरच्या कपाटाशी स्टुलावर चढली. गठ्ठा घेऊन उतरली आणि माझ्याकडे जे बघितलं... पोलीस बरे.

"म्हणजे तूच ठेवलास."

"हो."

"आणि आज आठवलं? फ्लॅट रिकामा होणार म्हटल्यावर?"

मी टेपचं सांगितलं. सांगता सांगता माझाच माझ्यावर विश्वास बसेना. तिनं उभ्याउभ्या दोरी सोडली, शेवटून पानं काढली, आणि मोठ्यानं वाचायला लागली. कदाचित मला पकडायला.

"कोणी चोरलं नाही, हॉरेस बेल म्हणाला. क्लीनरला विचारा. काय नेलंस ते विचारू नका. जमिनीवरून काय..."

सुनीतानं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

यव्होन थांबली. "तू हे वाचलंयस."

"मॅडम, मला..."

"वाचता येत नाही. माहीत आहे."

ती पुढचं मनात वाचत गेली. मध्येच एकदा माझ्या रेनकोटकडे बघितलं. नंतर सुनीतानं विचारून घेतलं... त्या चॅप्टरमध्ये एक क्लीनर आहे, कोट तीन साइझ मोठा, आणि अख्ख्या पुस्तकात बेल फक्त त्याच्यासमोर हॅट काढतो. शेवटच्या पानावर मात्र बेल एका दारासमोर उभा आहे. आत त्याची मुलगी. हॅट हातात. तो दारावरची घंटी वाजवतो. तिथं संपतं. तिनं दार उघडलं का, ते लिहिलेलं नाही.

यव्होन अंकलच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा आले होते लेस्टरला. एकदा. हॅट घालून. मी आतूनच बघत राहिले."

मी किटली लावली, दुसरं मला काय येतं?

चावी मला परत मिळाली. पॉलीन सॉरी म्हणाली, तरी अजून मी निघताना माझ्या पिशवीकडे तिची नजर जातेच. यव्होननं टेप तीनदा ऐकली. बेल जिना उतरतो, बूट, खटक. ती म्हणते, बाबांना तुझी खोड माहीत होती, त्यावरून लिहिलं असेल. ठीक आहे. पण गठ्ठा मी उचलायच्या आधी ते पान त्या गठ्ठ्यात बांधलेलं होतं. आणि आम्ही दोघांनी जे ऐकलं, ते कोण बोललं? यव्होनला अजून वाटतं मी काहीतरी लपवतोय. सुनीताला विचारलं की म्हणते, "मी काय ऐकलं ते मला विचारू नका, भाजी करपतेय."

तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, कोणीतरी मला वाचून दाखवेल. टेप मात्र मागू नका. कपाळाला लावून वर ठेवलीये, आणि या वेळी कुठं ते बायकोला सांगून ठेवलंय.